भातशेतीलगतच्या घरात मांजर आत ठेवावे की बाहेर सोडावे?

वडगावची सून

नमस्कार. आमचे घर बेळगावातील वडगावच्या टोकाला, येळ्ळूर रस्त्याच्या बाजूला आहे. घर जुने आणि कौलारू असून पुढे पडवी, मागे परडे आणि परड्याच्या कुंपणापलीकडे लगेच भाताचे शिवार सुरू होते. उन्हाळ्यात आमच्या माळ्यावर एका मांजरीने पिल्ले घातली. ती आपल्या रीतीप्रमाणे पिल्लांना घेऊन घरे बदलत निघून गेली, पण एक पिल्लू मागे राहिले. ती भाटी, म्हणजे मांजरी, आता सुमारे पाच महिन्यांची झाली आहे. दिवसभर ती परड्यात असते, संध्याकाळी जेवणाच्या वेळी येते आणि रात्री कौलांवरून कुठे जाते ते आम्हाला कळत नाही.

तिला घरातच ठेवावे असे मला वाटते, याची कारणे दोन आहेत. शेजारच्या शिवारात उंदरांसाठी औषध टाकले जाते आणि आमच्या गल्लीतील एक मांजर नुकतेच तोंडाला फेस येऊन मेले. शिवाय गेल्या काही दिवसांपासून दोन मोठे बोके रात्री आमच्या कौलांवर येऊन रडू लागले आहेत. सासूबाईंचे मत अगदी उलट आहे. मांजर कोंडून ठेवणे हे पाप आहे, ते फिरले नाही तर उंदीर कोण धरणार आणि घरातच घाण करू लागले तर ती कोण काढणार, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. तिन्ही प्रश्न रास्त आहेत हे मला मान्य करावे लागते, कारण तिसऱ्याचे उत्तर बहुतेक मीच आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे. माझ्या धाकट्या जाऊबाई गरोदर आहेत आणि मांजरामुळे बाळाला अपाय होतो असे कोणीतरी सांगितल्याने मांजर कुठेतरी लांब सोडून यावे असाही विषय घरात निघाला आहे. आमच्याकडे अंडी चालतात, पण मांस-मासे घरात शिजत नाहीत. त्यामुळे भाटीला दूधभात आणि कधीमधी उकडलेले अंडे मिळते. अशा परिस्थितीत आपण काय केले असते, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

शिवारकाठ, येळ्ळूर

ताई, आपल्या सासूबाईंचे म्हणणे आमच्या घरातील थोरांसारखेच आहे आणि मला ते पटते. आमच्याकडे कणगीतील भात आणि परड्यातील गवताची गंजी उंदरांपासून राखायची म्हणून मांजर पाळले जाते. त्याला कोणी नाव ठेवत नाही, कोणी मांडीवर घेत नाही, पण ताक-दूध घालायला कोणी चुकतही नाही. असे मांजर खोलीत ठेवले तर ते दारावर नखे घासत रात्रभर ओरडते आणि मग घरातील सगळेच जागतात. शहरातील लोकांनी गाद्या-उशांवर मांजरे वाढवावीत, त्याला माझी हरकत नाही. पण शिवाराच्या काठावरचे मांजर हे कामाचे जनावर आहे, शोभेचे नाही.

औषधाबद्दल मात्र आपली भीती खरी आहे. पीक पोटरीला आले की आमच्याकडेही बांधावर औषध पडते. आपण ज्यांचे शिवार आहे त्यांना आधी भेटा आणि औषध कधी टाकणार ते विचारून त्या आठवड्यात मांजर आत ठेवा. गावात एवढी माणुसकी अजून आहे.

निवृत्त पशुवैद्य, निपाणी

सौभाग्यवती ताईंना नमस्कार. आपल्या प्रश्नात आत की बाहेर एवढाच मुद्दा दिसतो. परंतु पाच महिन्यांच्या भाटीच्या बाबतीत त्याच्याही आधी ठरवायची एक गोष्ट आहे आणि ती म्हणजे तिची नसबंदी. कौलांवर बोके रडू लागले आहेत याचा अर्थ ती माजावर आली आहे किंवा येण्याच्या बेतात आहे. मांजरीचा गर्भकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो, एका वेळी साधारण तीन ते पाच पिल्ले होतात आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. त्यामुळे आज आपण एका मांजरीचा विचार करत आहात, तो काही महिन्यांनी सहा मांजरांचा करावा लागेल. बोक्यांची भांडणेही याच काळात होतात आणि चावा घेताना लाळेतून मांजरांमधील प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू एकमेकांना लागतो, ज्यावर औषध नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की तिला आजपासून दारे-खिडक्या लावून आत ठेवावे, जवळच्या पशुवैद्यकाकडून तपासून शस्त्रक्रिया करून घ्यावी आणि पुढचा निर्णय त्यानंतर घ्यावा. शस्त्रक्रियेनंतर टाका भरेपर्यंत दहा ते चौदा दिवस तिला तसेही घराबाहेर पाठवता येत नाही. हाच काळ तिला घरातील मातीच्या पाटीची, वेळच्या वेळी मिळणाऱ्या जेवणाची आणि रात्री आत झोपण्याची सवय लावण्यासाठी सोन्यासारखा असतो. या वयातील मांजर लवकर शिकते. तीन वर्षे बाहेर काढलेल्या बोक्याला हेच शिकवताना घरच्यांची पुरी दमछाक होते.

आता विषाबद्दल. आपल्या भागात दोन प्रकारची औषधे वापरली जातात आणि त्यांचा धोका वेगवेगळा आहे. पहिले झिंक फॉस्फाइड, म्हणजे पिठात किंवा भातात तेल लावून कालवली जाणारी काळी पूड. पोटातील आम्लाशी तिचा संयोग होऊन फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो. मांजराने ते आमिष थेट खाल्ले तर काही तासांतच ते गंभीर होते आणि या विषावर नेमका उतारा नाही. दुसरे ब्रोमाडिओलोन, जे दुकानात तयार वड्यांच्या रूपात मिळते. ते रक्त गोठण्याची क्रिया थांबवते, त्यामुळे उंदीर लगेच मरत नाही. तो तीन-चार दिवस हळूहळू अशक्त होत जातो आणि नेमका तेव्हाच तो मांजराच्या तावडीत सहज सापडतो. असे उंदीर वारंवार खाल्ले की विष मांजराच्या यकृतात साठते आणि काही दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडणे, नाकातून रक्त येणे, धाप लागणे ही लक्षणे दिसतात. याला के-१ जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पण तो वेळेवर सुरू करून काही आठवडे चालू ठेवावा लागतो. म्हणूनच ‘औषधाच्या आठवड्यात आत ठेवा’ हा शिवारकाठ यांचा सल्ला पहिल्या औषधाला बराचसा लागू पडतो, दुसऱ्याला पुरेसा नाही. शेजाऱ्यांकडून फक्त तारीख नव्हे, तर औषधाचे नावही विचारून घ्यावे, आणि मांजर अचानक मलूल झाले तर तेच नाव डॉक्टरांना पहिल्यांदा सांगावे.

जाऊबाईंबद्दल घरात जी भीती निर्माण झाली आहे, तिच्यामागे टोक्सोप्लाझ्मोसिस हा आजार आहे. भीती निराधार नाही, पण तिचा उपाय मांजर सोडून येणे हा नाही. कच्चे मांस, उंदीर किंवा पक्षी खाऊन मांजराला या परजीवीची लागण होते आणि त्यानंतर साधारण एक ते तीन आठवडेच त्याच्या विष्ठेतून परजीवीची अंडी बाहेर पडतात. ती अंडीही लगेच बाधक नसतात. त्यांना तसे होण्यास एक ते पाच दिवस लागतात. त्यामुळे मातीची पाटी रोजच्या रोज साफ केली आणि ते काम जाऊबाईंनी न करता दुसऱ्या कोणी केले, तर धोका फारच कमी होतो. याउलट मांजर परड्यात फिरत असेल तर त्याची विष्ठा तेथील मातीत मिसळते, आणि मग त्याच परड्यातील मेथी-कोथिंबीर न धुता खाणे किंवा उघड्या हाताने माती उकरणे अधिक धोक्याचे ठरते. म्हणजे घरात गरोदर बाई आहे म्हणून मांजर बाहेर घालवावे असे जे सुचवले जाते, ते शास्त्राच्या नेमके उलट आहे. जाऊबाईंनी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना घरात मांजर असल्याचे अवश्य सांगावे.

आहाराचा मुद्दा आपण जाता जाता लिहिला आहे, पण आत ठेवायचे ठरल्यास तोच सर्वांत मोठा होईल. मांजर हे पूर्ण मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचे पोषकद्रव्य त्याला मांसातूनच घ्यावे लागते. ते दीर्घकाळ कमी पडल्यास दृष्टिपटल खराब होते आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात. टॉरिनच्या अभावाचा आणि हृदयविकाराचा हा संबंध १९८७ मध्ये सिद्ध झाला आणि त्यानंतर तयार खाद्यातील टॉरिनचे प्रमाण वाढवण्यात आले. दूधभातावर वाढलेली आपली मांजरे आजवर जगली, ती परड्यातील उंदीर, पाली आणि टोळ यांच्या जिवावर. त्यांना आत घेऊन पुन्हा दूधभातच घालणे म्हणजे त्यांच्या ताटातील खरे अन्न काढून घेणे होय. आपल्या स्वयंपाकघरात मांस शिजत नसेल तर मांजरांसाठीचे तयार खाद्य आणून ते पडवीत वेगळ्या भांड्यात द्यावे. सासूबाईंची त्याला बहुधा हरकत नसावी. कुत्र्यांचे खाद्य मात्र देऊ नये. त्याचप्रमाणे कुत्र्यांसाठी मिळणारे पर्मेथ्रिनयुक्त गोचीड-पिसवांचे थेंब मांजराच्या अंगावर कधीही टाकू नयेत आणि ताप आला म्हणून पॅरासिटामॉलची गोळी चारू नये. दोन्ही गोष्टी मांजराच्या जिवावर बेततात.

रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयानंतर देता येते. आपल्या भाटीला ती दिली नसेल तर शस्त्रक्रियेच्या आधीच्या भेटीत द्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी चालू ठेवावी. मांजर आत राहणार असले तरी ही लस टाळू नये.

पहिले गेट, तिसरा मजला

मी टिळकवाडीत सदनिकेत राहते आणि माझा बोका पिल्लू असल्यापासून उंबऱ्याबाहेर गेलेला नाही. त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे: आत म्हणजे पूर्ण आत. अर्धे आत आणि अर्धे बाहेर ठेवलेले मांजर दाराशी बसून सतत बाहेर जाण्याचा हट्ट करते आणि शेवटी माणूसच कंटाळून दार उघडतो.

सासूबाईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकते. दुकानातील वाळू महाग वाटत असेल तर लाकडाच्या वखारीतील भुसा प्लास्टिकच्या पसरट घमेल्यात घालून चालतो; तो रसायन न लावलेल्या लाकडाचा आणि फार बारीक नसलेला असावा. ढेकळे सकाळ-संध्याकाळ काढावीत आणि आठवड्यातून एकदा घमेले धुवून उन्हात वाळवावे. वास येतो तो मांजरामुळे नव्हे, आपल्या आळसामुळे. घमेले जेवणाच्या भांड्याजवळ ठेवू नये आणि शक्य असल्यास दोन ठेवावीत. नखे घासण्यासाठी लाकडी खुंटाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून ठेवली की सोफा वाचतो. अर्थात, पूर्णपणे वाचतो असे मी म्हणणार नाही.

खिडकीच्या जाळीबाबत मात्र कंजुषी नको. मांजर उंचावरून पडले तरी पायांवरच उतरते या समजुतीवर विसंबून अनेक जण सज्जे उघडे ठेवतात. १९८७ मध्ये न्यूयॉर्कमधील पशुवैद्यकांनी उंच इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची माहिती प्रसिद्ध केली; त्यांतील सुमारे नव्वद टक्के उपचारांनंतर वाचली हे खरे, पण छातीला मार लागणे आणि जबडा किंवा पाय मोडणे हे त्यांच्यात सर्रास होते.

दयाळ, खानापूर

येथील चर्चेत मांजराच्या जिवाचा विचार झाला, तो व्हायलाच हवा. पण मांजर ज्यांचा जीव घेते त्यांच्याबद्दल अजून कोणी बोललेले नाही. माझा छंद पक्षी पाहण्याचा आहे. वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात बांधावर घरटे करणारी टिटवी, परड्यातील शिंपी, दयाळ आणि बुलबुल यांची पिल्ले घरट्यातून बाहेर पडून नीट उडू लागेपर्यंत काही दिवस जमिनीवर किंवा झुडपात असतात आणि त्याच दिवसांत मांजराला सर्वाधिक शिकार मिळते. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तेथील मांजरे वर्षाला १३० कोटी ते ४०० कोटी पक्षी मारत असावीत असा अंदाज मांडला होता, आणि त्यांतील मोठा वाटा पाळीव नव्हे, बेवारस मांजरांचा होता. जर्मनीतील वाल्डोर्फ या गावात तर जिल्हा प्रशासनाने २०२२ च्या उन्हाळ्यात तुरेवाल्या चंडोलाची घरटी वाचवण्यासाठी गावाच्या एका भागातील मांजरे ऑगस्टअखेरपर्यंत घरात ठेवण्याचा हुकूम काढला. आपल्याकडील माळांवर गाणारा मलबारी चंडोल त्या चंडोलाचाच भाऊबंद आहे आणि तोही जमिनीवरच घरटे करतो.

शिवारकाठ यांच्या मुद्द्याला माझा पूर्ण विरोध नाही. घरातील लहान उंदीर मांजर धरते, हे आपण सगळे पाहतो. पण शिवारातील मोठे उंदीर आणि घुशी यांच्या वाटेला ते सहसा जात नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणातही मोठ्या उंदरांवर मांजरांनी क्वचितच हल्ला केला, असे आढळले. शिवारातील उंदरांसाठी गव्हाणी घुबड मांजरापेक्षा कितीतरी सरस आहे, आणि तेही ब्रोमाडिओलोन खाल्लेल्या उंदरांमुळे मरते, हे बांधावर वड्या टाकणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

मांजर पूर्ण आत ठेवणे जमत नसेल, तर शिकार कमी करण्याचे दोन उपाय इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये तपासले आहेत. मांसाचे प्रमाण अधिक असलेले खाद्य दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली आणि रोज पाच-दहा मिनिटे खेळवल्यावर ती २५ टक्क्यांनी घटली. गळ्यातील घुंगराचा मात्र त्या पाहणीत ठळक उपयोग दिसला नाही. म्हणजे डॉक्टरांनी आहाराबद्दल जे लिहिले, त्याचा फायदा पक्ष्यांनाही होतो.

आमच्या खानापूर भागात, म्हणजे जांबोटी-कणकुंबीकडे, रात्री मांजर बाहेर सोडण्याचा प्रश्न वेगळाच आहे. भीमगड अभयारण्याच्या आसपासच्या वाड्यांत बिबट्या कुत्र्या-मांजरांसाठी अंगणापर्यंत येतो. बेळगावकरांना हे दूरचे वाटत असेल तर ऑगस्ट २०२२ आठवावा. गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या दिसल्याने भोवतालच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

शिवारकाठ, येळ्ळूर

डॉक्टरांचे औषधाबद्दलचे लिहिणे मी घरी वाचून दाखवले. आमच्याकडे वड्याच वापरतात. ताईंना मी आठवडाभर म्हणालो होतो, ते पुरेसे नाही हे आता कळले. तरीही मांजर जन्मभर चार भिंतींत ठेवावे हे टिळकवाडीच्या ताईंचे म्हणणे मला पटत नाही. तिसऱ्या मजल्यावरील मांजराला शिवार ठाऊकच नसते. ज्याने परडे पाहिले आहे, त्याला ते विसरायला लावणे वेगळे.

निवृत्त पशुवैद्य, निपाणी

शिवारकाठ यांचा हा शेवटचा मुद्दा वजनाचा आहे. आत ठेवलेल्या मांजराचेही आजार असतात. स्थूलता हा पहिला. दुसरा बोक्यांमध्ये अधिक दिसणारा, लघवी अडण्याचा. कमी पाणी, केवळ कोरडे खाद्य आणि हालचालीचा अभाव यांमुळे तो बळावतो आणि एका-दोन दिवसांत प्राणघातक ठरू शकतो. टिळकवाडीच्या ताईंनी आपल्या बोक्याकडे त्या दृष्टीने लक्ष ठेवावे. तो घमेल्यात वारंवार बसून जोर करत असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये.

वडगावच्या घराला मात्र एक सोय आहे, जी सदनिकेत नसते. आपली पडवी. कौलांची वळचण आणि पुढची उघडी बाजू बारीक चौकोनांच्या तारेच्या जाळीने बंद करून घेतली, तर मांजराला ऊन, वारा, पाऊस आणि रस्त्यावरची वर्दळ पाहायला मिळते आणि शिवारात पाऊल टाकावे लागत नाही. जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी हलकी न घेता जाड तारेची घ्यावी. बाहेरचा बोका तिच्यावर उडी घेतोच. पडवीत वेगवेगळ्या उंचीवर दोन-तीन फळ्या ठोकाव्यात, कारण मांजराला जागा किती आहे त्यापेक्षा किती उंच चढता येते याचे महत्त्व अधिक वाटते. घरातील उंदीर ते आत राहूनही धरेल. त्यासाठी त्याला रात्री माळ्यावर जाऊ द्यावे, मात्र माळ्यावरून कौलांवर जाणारी फट आधी बुजवावी आणि घरात कोणतेही उंदराचे औषध ठेवू नये.

वडगावची सून

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांचे उत्तर मी सासूबाईंना आणि जाऊबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. मांजर लांब सोडून येण्याचा विषय त्यामुळे संपला आहे. पडवीला जाळी लावण्यास सासूबाईंनी होकार दिला. फक्त तुळशीकडचे दार मोकळे राहिले पाहिजे, अशी त्यांची अट आहे. भाटी काल रात्रीपासून मधल्या खोलीत आहे आणि बोके अजूनही कौलांवर येत आहेत.

आता एकच शंका उरली आहे. ती माजावर असतानाच शस्त्रक्रिया करता येते, की बोके येण्याचे थांबेपर्यंत वाट पाहावी? आणि या आधीच ती गाभण राहिली असेल तर काय करायचे?

निवृत्त पशुवैद्य, निपाणी

माजावर असतानाही शस्त्रक्रिया करता येते. त्या वेळी रक्तवाहिन्या फुगलेल्या असल्याने रक्तस्राव थोडा अधिक होऊ शकतो, म्हणून काही डॉक्टर आठवडा-दोन आठवडे थांबतात. थांबायचे ठरले तर एक खिडकीही उघडी राहता कामा नये. ती गाभण असल्याची शंका आहे हे डॉक्टरांना आधीच सांगावे. सुमारे तीन आठवड्यांनंतर पोट चाचपून किंवा सोनोग्राफीने ते कळते आणि सुरुवातीच्या काळात शस्त्रक्रियेसोबतच त्याचा निर्णय घेता येतो. शस्त्रक्रियेपूर्वी किती तास उपाशी ठेवायचे हे त्यांनाच विचारावे, कारण पाच महिन्यांच्या पिल्लाला मोठ्या मांजराइतका वेळ उपाशी ठेवत नाहीत. नेताना पिशवीत न घालता झाकणाच्या, हवा खेळेल अशा टोपलीतून न्यावे. शहापूरच्या रहदारीत रिक्षातून निसटलेले मांजर पुन्हा सापडणे कठीण असते.